खुले पत्र : फाइल नेमकी कुठे आहे, तेवढं खरं सांगा

प्रति,
फाइल सिंक सेवा (एका यंत्रावरच्या फाइली बाकीच्या यंत्रांवर आपोआप तशाच ठेवणारी सेवा) चालवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादनप्रमुख, आणि 'हे असंच राहू द्या' असा शेरा ज्यांच्या टेबलावर पडतो ते सगळे

विषय : हिरव्या खुणेचा अर्थ

स. न. वि. वि.

तुमच्याकडून आम्हाला मेल येतात ते नव्या एआय सोयीचे, नव्या प्लॅनचे, नाहीतर 'तुमची जागा संपत आली आहे' असा दम देणारे. उलट उत्तर पाठवायला जावं तर पत्त्यातच 'नो-रिप्लाय' लिहिलेलं असतं. म्हणून हे पत्र उघड्यावर.

मी संपादनाचं काम करते. मसुदे, त्यांवरच्या दुरुस्त्या, दुरुस्त्यांवरच्या दुरुस्त्या, चित्रं, छपाईला जाणाऱ्या पीडीएफ, असा दिवसभर फाइलींचाच कारभार. माझे दोन संगणक, एक फोन आणि पलीकडे लेखक-चित्रकारांची आपापली यंत्रं. तुमच्या सेवेचे पैसे मी वेळेवर भरते आणि भरताना कधी कुरकुर केलेली नाही. तक्रार किमतीची नाहीच. तुमचं सॉफ्टवेअर माझ्याशी खरं बोलत नाही, ही तक्रार आहे.

ड्रॉपबॉक्स ही तुमच्यातलीच एक सेवा; ते २००८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा त्यात मिरवण्यासारखं काही दिसतच नव्हतं, आणि तीच त्याची कमाल होती. एक फोल्डर. त्यात टाकलेलं दुसऱ्या संगणकावर आपोआप उमटायचं. फाइलचा बदललेला भाग तेवढाच पाठवायचा, ही युक्ती त्याआधीची; अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं आरसिंक हे सॉफ्टवेअर १९९६ पासून ते करत होतं. पण त्यासाठी काळ्या खिडकीत कमांड टाइप कराव्या लागत. ड्रॉपबॉक्सने फाइलचे ४-४ एमबीचे तुकडे पाडले, बदललेला तुकडा तेवढा वर धाडला आणि वापरणाऱ्याला यातल्या कशाचाही पत्ता लागू दिला नाही. फाइल माझ्या डिस्कवर असायची, अख्खी असायची, नेट गेलं तरी उघडायची. क्लाउडमध्ये असायची ती तिची आणखी एक प्रत.

आता उलटं झालंय. अस्सल फाइल तुमच्या सर्व्हरवर आणि माझ्याकडे तिचं नुसतं नाव. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये २०१७ साली वनड्राइव्ह या आपल्या सेवेसाठी 'फाइल्स ऑन-डिमांड' (उघडाल तेव्हाच फाइल खाली येणार) आणलं, बाकीच्यांनीही आपापल्या नावाने तेच केलं. मॅकवर तर अ‍ॅपलच्या नव्या व्यवस्थेत हे सगळं लायब्ररीच्या पोटातल्या 'क्लाउडस्टोरेज' नावाच्या फोल्डरात गेलं. सोय म्हणून हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लहान डिस्कच्या लॅपटॉपवर हजारो चित्रांचा संग्रह नुसता चाळता येतो, हे कामाचं आहे. पण कपाट उघडावं, वस्तू जागेवर दिसावी आणि हात घातल्यावर 'माल गोदामात आहे' अशी चिठ्ठी हाती यावी, हा अनुभव न विचारता माझ्या माथी का?

विंडोजमध्ये अशा एखाद्या फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडून बघा. साइझ : ४८ एमबी. साइझ ऑन डिस्क : ० बाइट्स. अख्ख्या तुमच्या प्रणालीत खरं बोलणारी ही एवढीच एक ओळ, आणि ती इतकी आत की शंका आल्याशिवाय तिथवर कोणी पोचत नाही. बाहेर फाइलच्या नावाशेजारी एक इवलंसं चित्र असतं. एक चित्र ढगाच्या बाह्यरेषेचं (फाइल फक्त क्लाउडमध्ये), एक हिरव्या रेषेतल्या खुणेचं, एक भरीव हिरव्या वर्तुळातल्या पांढऱ्या खुणेचं. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक असा की आधीच्या खुणेच्या फाइलची स्थानिक प्रत पुढेमागे हटू शकते, नंतरच्या खुणेची कायम राहते. हे किती जणांना ठाऊक असेल? काम ज्यावर अवलंबून आहे तो फरक तुम्ही एका चिन्हाच्या भरीवपणावर सोडून दिलात.

याचे परिणाम तुम्हाला माहीत नसतील असं नाही. बाहेरच्या डिस्कवर फोल्डरचा बॅकअप घ्यायला जावं तर बॅकअपचं सॉफ्टवेअर एकतर प्रत्येक फाइल खाली ओढायला लागतं, नाहीतर त्या फाइली निमूट वगळून पुढे जातं. कोणत्या मसुद्यात अमुक वाक्य आहे हे शोधावं, तर जी फाइल डिस्कवर नाही तिच्या पोटातला मजकूर शोधाला सापडत नाही. उत्तर येतं 'काही आढळलं नाही', आणि माणूस समजतो की वाक्य नाहीच. नेट नसलेल्या ठिकाणी काम करायला बसल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

डेस्कटॉपचं प्रकरण याहून पुढचं. नवा विंडोज ११ संगणक सुरू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर न विचारता वनड्राइव्हमध्ये वळवले जातात, अशा तक्रारी २०२४ मध्ये जगभरच्या तंत्रवार्तांत आल्या. ज्याने काही निवडलंच नाही त्याची फुकटातली ५ जीबी जागा फोटोंनीच भरते आणि मग पैसे भरण्याची आठवण सुरू होते. तो वैतागून ही सोय बंद करायला जातो. बराच काळ असं होतं की बंद केल्यावर फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहत, डेस्कटॉप रिकामा होई आणि तिथे एक शॉर्टकट उरे. त्याचं नाव : 'व्हेअर आर माय फाइल्स'. वापरणाऱ्याच्या मनातला प्रश्न कंपनीने स्वतःच टाइप करून ठेवायचा, याला विनोदबुद्धी म्हणावं की निर्ढावलेपण, मला ठरवता आलेलं नाही.

आता माझा स्वतःचा अनुभव. सेवेचं नाव घेत नाही, कारण यात तुम्ही सगळे कमीअधिक एकाच माळेचे मणी आहात. माझ्या संगणकावर कोपऱ्यातल्या सिंकच्या चिन्हाशेजारी '१ फाइल बाकी' असं येऊन बसलं. कोणती फाइल? सांगत नाही. का अडली? सांगत नाही. 'तुमच्या फाइली सिंक होत आहेत' हे वाक्य मात्र अखंड फिरतंय. मदतकक्षाला लिहिलं तर ठरलेलं उत्तर : लॉग आउट करा, परत लॉग इन करा, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. म्हणजे अख्खा संग्रह नव्याने तपासायला लावा आणि दोन दिवस पंखा गरगरत ठेवा. ते केल्यावर पुन्हा '१ फाइल बाकी'.

शेवटी शोध लागला तो नावात. फाइल होती 'दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा'. या 'ऱ्या'मधला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संगणकात क्रमांक देण्याच्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकसंध ऱ असं एकच चिन्ह, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत 'दुसऱ्या' हा शब्द पहिल्या तऱ्हेने २१ बाइट्सचा, दुसऱ्या तऱ्हेने २४ बाइट्सचा. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) अशी नावं फोडून साठवायची. विंडोज आणि लिनक्स नाव जसं येईल तसं ठेवतात. माझ्या सिंक-अ‍ॅपच्या एका टोकाला त्या दोन वेगळ्या फाइली वाटत होत्या, दुसऱ्या टोकाला एकच. दोघांचा वाद मिटेना, आणि मिटत नाहीये हे मला सांगण्याची तसदी कोणी घेईना.

देवनागरीत नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. लिनक्सच्या बहुतेक फाइलप्रणालींत एका नावाला २५५ बाइट्सची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटचं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे स्वतंत्र धरून. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. विंडोजवर सुखाने नांदणारं लांबलचक नाव लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर किंवा घरच्या स्टोरेज-पेटीवर उतरतच नाही. ही मर्यादा तुम्ही घातलेली नाही, मान्य. पण 'नाव फार लांब आहे' एवढं एक वाक्य दाखवायला कोणती फाइलप्रणाली आड येते?

सिंक आणि बॅकअप यांची जी गल्लत तुम्ही जाणूनबुजून ठेवली आहे, तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे. जाहिरातीत 'तुमच्या आठवणी सुरक्षित', सेटिंगमध्ये बटणाचं नावच 'बॅकअप', आणि प्रत्यक्षात चालतं ते सिंक. सिंकचं काम इकडचं तिकडे तंतोतंत करणं. इकडे पुसलं की तिकडे पुसलं, इकडे खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या की तिकडेही त्याच कुलूपबंद फाइली इमानेइतबारे पोचतात. परत मिळवायची मुदत? गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस, ड्रॉपबॉक्सच्या साध्या खात्यातही ३० दिवस. वर्षभर न उघडलेल्या फोल्डरातून काही गेलं तर ते गेल्याचं कळेपर्यंत मुदत केव्हाच उलटलेली असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत काही लोकांच्या फाइली दिसेनाशा झाल्या. वर पोचल्या असं धरून चाललेल्या, प्रत्यक्षात न पोचलेल्या. गुगलने मग सांगितलं की अ‍ॅपमधून खातं डिस्कनेक्ट करू नका, अ‍ॅपच्या डेटाचं फोल्डर पुसू नका. डिसेंबरात फाइली परत मिळवण्याची सोय असलेली आवृत्ती आली. चूक कोणाकडूनही होते, ती दुरुस्तही झाली. पण 'पोचलं' आणि 'पोचलं असावं' यांतला फरक अ‍ॅपमध्ये आधीपासून दिसत असता, तर लोकांना तो बातम्यांतून कळला नसता.

शब्द फिरवण्याबद्दल थोडक्यात, कारण ही यादी तुमच्याचकडे जास्त चोख असेल. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अमर्याद जागा परत घेतली. कारण दिलं की काही लोकांनी ७५ टीबीहून जास्त भरलं, सरासरीच्या १४,००० पट. ('अमर्याद' लिहून विकल्यावर कोणी भरलं तर आश्चर्य कसलं?) ड्रॉपबॉक्सने नोव्हेंबर २०१८ मध्ये लिनक्सवर ईएक्सटी४ ही एक फाइलप्रणाली सोडून बाकीच्यांना राम राम केला आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या काही परत घेतल्या. मार्च २०१९ मध्ये फुकट खात्यांना तीन यंत्रांची मर्यादा आली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्याही 'लागेल तेवढी जागा' या प्लॅनचा शेवट झाला. गुगलने २०२३ च्या सुरुवातीला एका ड्राइव्हमध्ये ५० लाख फाइलींची मर्यादा गुपचूप लावली. लोक अडकले, ओरडले, तेव्हा मागे घेतली. याच धाटणीच्या सेवांपैकी उबंटू वन २०१४ मध्ये, वुआला २०१५ मध्ये, कॉपी २०१६ मध्ये, अ‍ॅमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या अखेरीस बंद. धंदा आहे, प्लॅन बदलणारच. गुपचूप बदलू नका, इतकंच.

जाता जाता : गुगलच्या १५ जीबीत मेल, फोटो आणि ड्राइव्ह तिघांना एकत्र कोंबलंय, त्यामुळे व्हिडिओंनी जागा भरली की येणारे मेलही थांबतात. यामागे कोणती तांत्रिक अडचण आहे ते मला कोणी समजावून सांगावं.

'मग जा ना दुसरीकडे', असं तुमच्यापैकी कोणीतरी मनात म्हणत असेल. गेले आहे, निदान अर्धी. आणि हा रस्ता सोपा आहे असं मी कोणाला सांगणार नाही.

सध्या माझं रोजचं काम सिंकथिंगवर चालतं. २०१३ पासून असलेलं, मुक्तस्रोत सिंक-सॉफ्टवेअर. यात मधे कंपनीचा सर्व्हर नाही; माझी यंत्रं एकमेकांना लांबलचक ओळख-क्रमांकाने ओळखतात आणि फाइली थेट देतात-घेतात, वाटेत सगळं कूटबद्ध. खातं उघडा, पैसे भरा, जागा संपली, ही भानगड नाही. माझी डिस्क एवढीच माझी मर्यादा. पण देणारं आणि घेणारं अशी दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असावी लागतात. त्यासाठी एक जुना संगणक कायम चालू ठेवावा लागतो. आयफोनसाठी त्यांचं अधिकृत अ‍ॅप नाही. अँड्रॉइडचं अधिकृत अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबवलं गेलं, आणि गुगल प्लेवर ते प्रसिद्ध करत राहणं अवघड होऊन बसलंय हे त्यामागचं एक कारण निर्मात्याने सांगितलं. आता दुसऱ्यांनी चालवलेली शाखा वापरावी लागते. जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय आपण चालू केली तरच चालू होते, नाहीतर इथेही पुसलं की पुसलं. एकच फाइल दोन्हीकडे बदलली तर नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' आणि तारीख-वेळ घातलेली दुसरी प्रत तयार होते आणि निवाडा आपल्यालाच करावा लागतो. लेखकाला 'हे बघा' म्हणून दुवा पाठवायचा तर त्याची यात सोयच नाही. तिथे अजून तुमच्याकडेच यावं लागतं.

तरीही ते मला धरवतं, त्याचं कारण अगदी क्षुल्लक वाटेल. एखादी फाइल अडली तर त्याच्या पडद्यावर 'आउट ऑफ सिंक' असं लाल अक्षरांत येतं. त्या आकड्यावर क्लिक केलं की फाइलींची यादी उघडते, पूर्ण मार्गासकट. न जमलेल्या फाइलींची यादी वेगळी, आणि शेजारी कारण : परवानगी नाही, नाव चालत नाही, डिस्क भरली. दिसायला रूक्ष आहे, भाषा यंत्राची आहे, पण उत्तर मिळतं. प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या जोरावर उभ्या असलेल्या प्रकल्पाला जे जमलं ते तुम्हाला जमत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्हाला ते दाखवायचं नाही. अडलेली फाइल दिसली तर सगळं कसं गुळगुळीत चाललंय हा आभास मोडतो ना!

नेक्स्टक्लाउडही वापरून पाहिलं. २०१६ मध्ये ओनक्लाउड या प्रकल्पातून फुटून निघालेलं, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, दुवे देता येतात, कॅलेंडरही सांभाळतं. पण मग सर्व्हरचे अपडेट, प्रमाणपत्रं, डिस्कची तब्येत हे सगळं आपल्या गळ्यात. ज्याला त्यात रस आहे त्याने जरूर करावं. मला पुस्तकं संपादायची आहेत, सर्व्हरची शुश्रूषा नाही. भाड्याने चालवून देणारा विश्वासू कोणी मिळाला तर मात्र पुन्हा बघेन. ज्यांना तुमची सेवा सोडायची नाही पण फाइली तुम्ही वाचू नयेत असं वाटतं, त्यांच्यासाठी क्रिप्टोमेटर आहे : वर जाण्याआधीच मजकूर आणि नावं दोन्ही कूटबद्ध. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये आयक्लाउड ड्राइव्हसाठी किल्ली वापरणाऱ्याकडेच ठेवण्याची सोय दिली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते, आणि ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारी दबावापुढे नव्या लोकांसाठी ती काढून घेण्यात आली. किल्ली कोणाकडे आहे याचं उत्तर देशागणिक बदलत असेल, तर वर जाण्याआधी स्वतः कुलूप लावलेलं बरं.

मी दर महिन्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून डिस्क संगणकापासून तोडून ठेवते. तिला ना ढग, ना हिरवी खूण, आणि पूर्ण भरवसा ठेवावा अशी तीच एक जागा उरली आहे. तुमच्या क्षेत्रात इतकी वर्षं आणि इतका पैसा ओतल्यावर एका ग्राहकाने हे लिहावं, ही तुमच्यासाठी भूषणाची गोष्ट नव्हे.

काय हवंय ते विचारलंत तर फार नाही. फाइल माझ्या डिस्कवर आहे, फक्त तुमच्याकडे आहे, की अर्धीच पोचली आहे, हे चित्रांच्या कोड्यात न घालता शब्दांत लिहा. मराठी वापरणाऱ्याला मराठीत. अडलेली फाइल नावानिशी आणि कारणासकट दाखवा. नव्या संगणकावर माझ्या फोल्डरांना हात लावण्याआधी विचारा, आणि 'नंतर' म्हटलं तर ते नंतरच असू द्या. एकदम शेकडो फाइली पुसल्या जायला लागल्या तर थांबून विचारा. काहीजण तसा मेल पाठवतात, पण पुसून झाल्यावर. 'बॅकअप' लिहिलंय तिथे खरोखर बॅकअप द्या, नाहीतर तो शब्द खोडा.

आणि बाहेर पडायचा दरवाजा. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि एका सेवेतून दुसरीत जाण्यासाठीचं शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून त्याने बंदच केलं आहे. जिथे असा कायदा नाही तिथल्या ग्राहकालाही तीच वागणूक द्यायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. खातं बंद करताना फोल्डरांची रचना जशीच्या तशी, फाइलींच्या मूळ तारखा शाबूत आणि देवनागरी नावं न मोडता सगळं बाहेर नेता आलं पाहिजे. आज पन्नास झिप मिळतात, एकाच फोल्डरातल्या फाइली त्यांतल्या वेगवेगळ्या झिपांत विखुरलेल्या, आणि काही नावांच्या जागी नुसते खालचे दांडे (_). तारखा गेल्या की कोणता मसुदा आधीचा हे कळायचा माझ्याकडे दुसरा मार्ग राहत नाही.

माझ्या खात्याचं नूतनीकरण जवळ आलं आहे. 'दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा' ही फाइल चाचणीसाठी तशीच ठेवली आहे, दोन्ही तऱ्हांच्या ऱ सह. तुमच्या पुढच्या अपडेटमध्ये तिचं नाव आणि अडण्याचं कारण पडद्यावर दिसलं, तर पैसे भरीन.

कळावे,
आपली एक पैसे भरणारी ग्राहक